सूचनेनुसार सुधारणा केली आहे

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे किती, हे विचारू नका. आमच्यात वय माणसांसारखे मोजत नाहीत. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी केव्हाच गेल्या. त्यांच्या दाराशी जाऊन पाहा, 'हे पान सापडले नाही' एवढीच पाटी दिसेल. आमच्याकडे शोकसभा म्हणतात ती हीच.

वेबसाइटला कान कुठून आले, असे तुमच्यातला एखादा चौकस वाचक विचारील. त्याला एवढेच सांगते, की आत्मवृत्तात फाटकी छत्रीसुद्धा घडाघडा बोलते आणि तिच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. लॅपटॉपचे झाकण उघडे असले की मला ऐकू येते. आमच्या घरी ते कायम उघडेच असते.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला आईचे शिवणयंत्र आणि दुसऱ्या टोकाला लेकीचा लॅपटॉप. ही लेक माझी मालकीण. तिला घरात सगळे 'शहाणी' म्हणतात. लहानपणी चेष्टेने म्हणत. पुढे डॉक्टरेट मिळाल्यावर तेच नाव अधिकृत झाले, चेष्टा मात्र तशीच राहिली.

शहाणीने डॉक्टरेटसाठी विषय घेतला होता गोगलगायी. बागेतल्या, भिंतीवरच्या, पाठीवर शंख घेऊन हिंडणाऱ्या. लोकांनी पाठवलेल्या गोगलगायी ओळखून द्याव्यात आणि जमलेली माहिती अभ्यासाला वापरावी, म्हणून तिने मला बनवले. वेबसाइट कशी बनवावी, हे ती वाचनालयातल्या एका पुस्तकावरून शिकली. त्या पुस्तकाची शेवटची पाने फाटलेली होती. त्यामुळे माझ्यातही काही गोष्टी अर्धवट राहिल्या. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे होती. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा त्यात फारसा विचार नव्हता. पण माझ्या तळाशी एक तपकिरी गोगलगाय होती आणि ती चालत होती. डावीकडून निघायची आणि उजवीकडे पोचायची. तेवढ्यात शहाणीचा चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा. त्या चालत्या गोगलगायीवर क्लिक केले की एक पान उघडे: 'गोगलगाय दाखवा'. तिथे फोटो टाकायचा, कुठे सापडली ते लिहायचे, की शहाणीचे उत्तर येई. प्रत्यक्ष नमुना आणून द्यायचा असेल तर खाली घरचा पत्ताही होता.

ती माझी उमेदीची वर्षे. बागकाम करणारे, शाळेतल्या बाई, ओलसर घरात राहणारे त्रासलेले भाडेकरू, सगळे माझ्याकडे येत. एका आजोबांनी तर आपल्या न्हाणीघराच्या भिंतीचे इतके फोटो पाठवले, की ती भिंत मला आमच्या भिंतीपेक्षा जास्त ओळखीची झाली. एका बाईंनी एकदा काळे बटण पाठवले. शहाणीने गंभीरपणे उत्तर दिले, 'हे बटण असावे. तरीही ओल्या जागी ठेवून हालचाल दिसते का ते पाहावे व कळवावे.' कोणती गोगलगाय काय खाते, हे प्रबंधातले प्रकरण अशाच लोकांच्या फोटोंवर उभे राहिले. एका वर्तमानपत्राने माझ्यावर चार ओळी छापल्या. आईने ते कात्रण शिवणयंत्राच्या खणात ठेवले. ते अजून तिथेच आहे, सुयांच्या डबीखाली.

मग प्रबंध पूर्ण झाला. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला पुढे डॉक्टरेट करायची हौस असेल तर एक गोष्ट आताच समजून घ्या. प्रबंध तपासून आला की त्याच्याबरोबर परीक्षकांच्या सूचना येतात. मग तीन रकान्यांचा तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात सूचना. दुसऱ्यात 'सूचनेनुसार सुधारणा केली आहे'. तिसऱ्यात पान क्रमांक. सूचना पटली की नाही, याला रकाना नसतो. शहाणीच्या एका परीक्षकांनी लिहिले, की स्वल्पविराम फार झाले आहेत. दुसऱ्यांनी लिहिले, की कमी पडतात. तिने प्रबंधाच्या पहिल्या भागातले काढले आणि दुसऱ्या भागात घातले. दोघेही समाधानी झाले. असे करून करून माणूस डॉक्टर होतो.

आणि डॉक्टर झाल्यावर त्याचे काय होते, हे मी रोज पाहत होते. शहाणी सकाळी सवयीने प्रबंधाची फाइल उघडायची. एखादा शब्द बदलायची. मग तिला आठवायचे, की प्रबंध बांधून, सोनेरी अक्षरे छापून, वाचनालयाच्या कपाटात गेला आहे. तशी ती फाइल बंद करायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग, आता पुढे काय?" ती जिन्याने जायचीच बंद झाली.

"अगं, झालं ना एकदाचं सगळं?" आई मशीन थांबवून म्हणायची. "मग तोंड का एवढंसं?"

"काही नाही गं. कुणी काही सांगत नाही आता."

"मी सांगते की. कपडे वाळत घाल."

तिचे मार्गदर्शक सर नुकतेच निवृत्त झाले होते. तिने त्यांना फोन केला. "सर, आता काय वाचू?"

"काहीही वाच. मी सध्या मिक्सरबरोबर आलेली पुस्तिका वाचतोय. फार स्पष्ट लिहिलंय. आपल्या विभागात असं कुणी लिहिलं नाही."

अशात एका संशोधन संस्थेत जागा निघाली. शहाणीने अर्ज केला, मुलाखतीचे बोलावणे आले आणि सोबत कळवण्यात आले, की निवड समिती उमेदवारांच्या वेबसाइट पाहणार आहे. त्या दिवशी शहाणीने माझ्याकडे पहिल्यांदाच परक्या नजरेने पाहिले. समारंभाला निघताना घरातल्या म्हाताऱ्याच्या सदऱ्याकडे माणसे ऐनवेळी पाहतात ना, तशी.

तिने मावसभावाला बोलावले. हा मावसभाऊ पेशाने वेबसाइट सजवणारा. हॉटेले, गाड्यांची दालने आणि दातांचे दवाखाने यांच्या वेबसाइट त्याच्या हातून गेलेल्या. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि माझ्याकडे पाहून त्याने चष्मा पुसला.

"शहाणे, हे काय आहे?"

"वेबसाइट."

"ते कळलं. कुठल्या शतकातली?"

"चालते अजून."

"बैलगाडीपण चालते. आधी ही गोगलगाय काढ. लोकांना वेग हवा असतो."

"अरे, पण विषयच गोगलगाय आहे."

"विषय असू दे ना. दाखवायचा कशाला?"

त्याने मला पांढरेशुभ्र केले. माझे सगळे दरवाजे तीन आडव्या रेघांमागे लपवले. वर एका बाईचा मोठा फोटो लावला. ती लॅपटॉपसमोर बसून हसत होती. ती शहाणी नव्हती. ती कोण होती, हे आजवर कोणाला कळलेले नाही, आणि तिला गोगलगायींविषयी काय वाटते, तेही नाही. 'गोगलगाय दाखवा'च्या जागी 'संपर्क' आले आणि त्यात निवडायला तीन पर्याय: सहकार्य, व्याख्यान, प्रसारमाध्यमे. 'माझी रोपे कोणीतरी खात आहे' असा पर्याय नव्हता.

चालती गोगलगाय मात्र त्याला निघेना. शहाणीने नवशिकेपणी तिचा कोड असा गुंतवून ठेवला होता, की एक दोरा ओढावा तर सगळी शिवण उसवावी. शेवटी वैतागून त्याने तिला पांढरा रंग दिला. पांढऱ्यावर पांढरी. आता ती दिसत नव्हती, पण चालत होती. मित्रांनो, तेव्हाच मी मनाशी ठरवले. माझ्या अंगावर काय वाट्टेल ते चढवा, हिला मी थांबू देणार नाही.

एवढ्यावर भागले असते तर मी काही म्हटले नसते. पण शहाणीने मला सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. दाखवायची आणि विचारायची, "काय बदलू?" असे विचारल्यावर 'काही नको' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आई म्हणाली, "ते चिकट फोटो मोठे नको बाई, जेवताना समोर येतात. आणि कडेनं जरा नाजूक वेलबुट्टी असती तर?" परगावची मैत्रीण म्हणाली, भारदस्त दिसायला हवं, करडा रंग दे. खालच्या मजल्यावरचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, अक्षरं मोठी करा. मावसभाऊ म्हणाला, छे, अक्षरं बारीक हवीत, पानाला श्वास घेऊ दे. शहाणीने डावीकडची अक्षरे मोठी केली आणि उजवीकडची बारीक. मी करडी झाले (तळाची पट्टी तेवढी पांढरीच राहिली), वेलबुट्टीची झाले, आणि श्वास मात्र मला घेता येईना.

आणि प्रत्येक बदलानंतर ती एक फाइल उघडायची. तीन रकान्यांची. पहिल्या रकान्यात: 'आई: वेलबुट्टी'. दुसऱ्यात: 'सूचनेनुसार सुधारणा केली आहे'. हे लिहिताना तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तजेला आलेला मी पाहिला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की वेबसाइट हे निमित्त होते. तिला परीक्षक हवे होते. ज्याला घर रिकामे वाटते तो जसा पाहुण्यांना आग्रहाने थांबवून घेतो, तशी ती सूचना थांबवून घेत होती.

मधल्या मध्ये एक गोष्ट घडली ती कोणाच्या लक्षातही आली नाही. फोटो येणे बंद झाले. न्हाणीघराची भिंत दिसेना. शहाणी रोज सकाळी टपाल उघडायची आणि मिटायची.

"लोकांना आता गरज वाटत नसेल," ती आईला म्हणाली.

"तू आता मोठी झालीस ना," आई दोरा ओवत म्हणाली. "मोठ्या माणसांना कोण विचारतं?"

सोमवारी मुलाखत होती. शनिवारी सकाळी शहाणी मुलाखतीची तयारी करत होती, म्हणजे माझा करडा रंग आणखी एक छटा करडा करत होती. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि थांबेचना. आईने दार उघडले. बाहेर एक मावशी उभ्या होत्या. पायाला चिखल, हातात झाकणाचा डबा, कपाळाला आठ्या. त्या रोपांची नर्सरी चालवत होत्या, हे त्यांच्या बोलण्यातून कळले, आणि बोलणे सुरू व्हायला वेळ लागला नाही.

"गोगलगायवाली इथंच राहते ना?"

"मीच ती," शहाणी उठली.

"तुमची वेबसाइट मेली का हो?"

"नाही, नवी केली."

"का? आधीची आजारी होती?"

मावशी आत आल्या आणि न सांगताच बसल्या. "आधी कशी सोय होती. ती चालायची, तिला दाबलं की फोटो जायचा. आता उघडावं तर ती एक बाई हसत बसलेली. तिला दाबून दाबून माझा अंगठा दुखला. हूं नाही की चूं नाही."

"मग पत्ता कसा मिळाला तुम्हाला?"

"कसा म्हणजे? चिडून वरखाली दिसेल तिथं अंगठा मारला. खाली कोपऱ्यात कुठंतरी लागला आणि तुमचं ते जुनं हिरवं पान उघडलं. फोटो काही जाईना, पण त्यावर पत्ता होता."

खाली कोपऱ्यात कुठंतरी! मित्रांनो, तिथे माझी पांढरी गोगलगाय त्या वेळी चालली होती. मला टाळ्या वाजवता येत असत्या तर मी वाजवल्या असत्या.

"टोमॅटोची रोपं, झेंडूची रोपं, ट्रेच्या ट्रे साफ," मावशींचा आवाज आता खाली आला. "एवढा एकच हंगाम हातात असतो हो. दुकानदारानं विषाच्या गोळ्या दिल्यात. आज संध्याकाळी सगळीकडे टाकणार आहे. पण मागं तुम्हीच सांगितलं होतं, विचारल्याशिवाय काही टाकू नका. म्हणून विचारायला आले. विचारायची जागाच काढून टाकलीत, तर डबा घेऊन आले."

त्यांनी डब्याचे झाकण उघडले.

"अगं, तो फ्रॉक उचल आधी!" म्हणत आईने शिवायला घेतलेला फ्रॉक टेबलावरून ओढला.

डब्यात दोन तऱ्हेच्या गोगलगायी होत्या. काही जाड्या, गोल शंखाच्या. काही सडपातळ, लांबट शंखाच्या. मावशींनी एका लांबटीकडे बोट दाखवले. "हीच ती चोर. कधीही बघा, खाल्लेल्या रोपापाशी हीच हजर."

शहाणीने खणातून भिंग काढले. ते किती दिवसांनी बाहेर आले होते! तिने ओले फडके ताटलीत पसरले, त्यावर एक जाडी चालवली, मग तिला बाजूला नेऊन ठेवले आणि तिच्या चिकट वाटेवर ती लांबटी सोडली. "थांबा जरा," ती म्हणाली.

तिघी ताटलीभोवती बसल्या. मशीन बंद, पंखा बंद. टीव्हीसमोरही माणसे इतकी खिळून बसत नाहीत. लांबटीने मान उंच केली, वाट हुंगल्यासारखे केले आणि त्या चिकट रेषेवरून, एक वळणसुद्धा न चुकता, जाडीच्या मागावर निघाली.

"ही रोपं खात नाही," शहाणी हलकेच म्हणाली. "ही त्या जाडीला खाते. तुमची रोपं जाड्या खातात आणि ही त्यांच्या मागावर तिथं येते."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मी पोलिसालाच धरून आणलं?"

"हो. आणि गोळ्या टाकल्या असत्या तर चोर-पोलीस दोघंही गेले असते. मग चोर परत येतात. पोलीस लवकर येत नाहीत."

"ते अनुभवानं माहीत आहे," आई म्हणाली.

शहाणीने सांगितले, की संध्याकाळचे पाणी बंद करून सकाळी द्या. ओली पोती रोपांच्या कडेने पसरा. सकाळी उलटली की खाली जाड्या बसलेल्या सापडतील, त्या वेचून काढा. लांबट्यांना हात लावू नका. ती सांगत होती आणि तिच्या आवाजात 'बहुधा' हा शब्द एकदाही आला नाही. प्रबंधात तो पानोपानी होता.

मावशी डबा आवरून निघाल्या, तशी शहाणीला काहीतरी आठवले. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि ती तीन रकान्यांची फाइल उघडली. "मावशी, एक मिनिट. वेबसाइटमध्ये काय काय बदल करू ते सांगा ना. मी सगळं लिहून घेते."

मावशींनी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे पाहिले. "मला काय विचारता? तुमचीच आहे ना ती? मी गोगलगाय विचारायला आले होते. ती तुम्ही सांगितलीत. मी कुणाला विचारलं का, हे बरोबर का म्हणून?"

त्या गेल्या. शहाणीने सरांना फोन लावला. जुनी सवय एका सकाळीत जात नाही.

"सर, 'गोगलगाय दाखवा' वर ठेवू की खाली?"

"परीक्षक कोण आहेत?"

"कुणी नाही, सर."

"मग?" पलीकडे मिक्सर फिरत होता. "मग मला कशाला विचारतेस? डॉक्टर कोण आहे तुझ्या घरात?"

शहाणीने फोन ठेवला, पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि त्या तक्त्यात चौथा रकाना घातला. त्याचे नाव लिहिले: 'पटली का?' मग वरून खाली उत्तरे भरत गेली. करडा रंग: नाही. हसणारी बाई: नाही. मोठी अक्षरे: हो. फोनवर नीट उघडावी: हो, शंभरदा हो.

"आणि वेलबुट्टी?" आईने मशीनवरून विचारले.

"नाही."

"बरं." मशीन चालले. मशीन थांबले. "थोडीसुद्धा नाही?"

"नाही, आई."

रविवारभर ती माझ्यावर बसली. या वेळी तिने कोणालाही बोलावले नाही. एकदा मावसभावाचा फोन आला.

"शहाणे, वेडी झालीस का? उद्या मुलाखत आणि गोगलगाय परत?"

"हो."

"लोक थांबणार नाहीत एवढा वेळ."

"ज्यांना गोगलगाय दाखवायची आहे ते थांबतील. त्यांना थांबायची सवय असते. आणि ऐक, फोनवर नीट उघडायचं तुझं काम झकास झालंय. ते तसंच ठेवलंय."

तो पुढे काय पुटपुटला ते मला ऐकू आले नाही, पण ती हसली. आणि खरे सांगते, मित्रांनो, मलाही काही गोष्टी मान्य कराव्या लागल्या. हिरव्यावर पिवळी अक्षरे परत आली नाहीत, ते बरेच झाले. बदल अंगाला लागतो तेव्हा दुखतोच, पण प्रत्येक दुखणे अन्याय नसते. ती हसणारी बाई गेली. जाताना हसतच होती. तिच्या जागी ताटलीतल्या त्या लांबट्या पोलिसाचा फोटो आला. 'गोगलगाय दाखवा' सगळ्यात वर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. आणि तळाशी माझी तपकिरी गोगलगाय, सगळ्यांना दिसेल अशी, डावीकडून निघालेली.

सोमवारी मुलाखतीच्या खोलीत मला भिंतीवर मोठे करून दाखवण्यात आले. समितीतल्या एका गृहस्थांनी मान तिरकी केली. "वेबसाइट जरा जुन्या वळणाची वाटते. ही चालणारी गोगलगाय काढून टाकली तर?"

शहाणीची बोटे टेबलावर पेनासाठी हलली. 'सूचनेनुसार' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसत होता.

"सूचनेबद्दल आभार, सर," ती म्हणाली. "पण ती राहील."

"का बरं?"

तिने नर्सरीची हकीकत सांगितली. डबा, ताटली, पोलीस, सगळे. ती बोलत होती आणि माझी गोगलगाय भिंतीवरून चालली होती. ती उजव्या टोकाला पोचेपर्यंत समितीतल्या कोणीही दुसरा प्रश्न विचारला नाही. त्या गृहस्थांनी तर, ती पोचल्यावर, मान हलवली.

निकाल अजून यायचा आहे. शहाणी वाट बघत बसलेली नाही. ती जिन्याने भराभरा उतरून सकाळी नर्सरीत पोती उलटायला जाते. फोटो पुन्हा येऊ लागले आहेत. न्हाणीघराची भिंत परवाच आली, आता तिथे शेवाळही आहे. आणि काल त्या बटणवाल्या बाईंचा निरोप आला: 'हालचाल दिसली नाही.' इतकी वर्षे त्यांनी ते ओले ठेवले होते. शहाणीने लगेच त्यांचे आभार मानले.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूला नवे रूप द्यायला निघालात, तर आधी तिच्या दाराशी कोण येते ते पाहा आणि ते दार शाबूत ठेवा. आणि खूप शिकून, सगळे संपवून, खिडकीपाशी बसलेले कोणी तुमच्या घरात असेल, तर त्याला 'आता पुढे काय?' असे विचारू नका. त्याच्यापुढे एक डबा ठेवा, झाकण उघडा आणि म्हणा, "हे काय आहे, सांग बघू?"

घरात डबा नसेल तर माझ्याकडे या. आल्यावर घाई मात्र करू नका. ती डावीकडून निघाली आहे. येईलच.